सदतिसावा दाणा

सुपडूभाऊ, लिहायला बसताना मी कागदाच्या माथ्यावर आधी प्रश्न लिहिला. प्रश्न लिहून घेतल्याशिवाय उत्तराकडे वळायचे नाही, ही सवय मी चौतीस वर्षे मुलींना लावली. आता ती मोडण्याचे वय राहिले नाही. प्रश्न असा आहे : दार उघडे आहे, उंबऱ्यावर धान्याचा एकही दाणा नाही; अशा वेळी ती बाई आत येते का?

तुम्ही गेलात त्याला पाच आठवडे झाले. तुमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी स्मरणिका काढायचे ठरवले आणि जळगावच्या या निवृत्त गणित-शिक्षिकेकडे 'आठवणी' मागितल्या. तुमचे जन्मगाव, नोकरीची वर्षे, मिळालेले सत्कार ही माहिती त्यांच्याकडे माझ्यापेक्षा बरोबर आहे. माझ्याकडे आहे तो एक पेन ड्राइव्ह आणि त्यातला एक परदेशी चित्रपट. अडीच वर्षे तुम्ही तो पाहा म्हणून मागे लागलात, आणि त्याविषयी मी तुमच्याशी खोटे बोलले. म्हणून आठवणी लिहिण्यापेक्षा वरच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

उत्तराला थोडी पूर्वपीठिका लागेल. वाचकांना ती माहीत नाही आणि तुम्हाला ती माझ्याकडून पुन्हा ऐकायला आवडली असती.

दहावीच्या उत्तरपत्रिका परीक्षक तपासतो, आणि त्याने त्या नीट तपासल्या की नाही हे नियामक पाहतो. परीक्षकाची शाई लाल, नियामकाची हिरवी. तुम्ही धुळ्याचे परीक्षक होतात, मी तुमची नियामक. तुमच्या पहिल्याच गठ्ठ्यात भूमितीची एक सिद्धता होती. मुलाने आकृती काढली होती, पक्ष लिहिला होता, साध्य लिहिले होते, पायऱ्या बिनचूक मांडल्या होत्या; फक्त शेवटची ओळ नव्हती. तुम्ही त्याला चारपैकी चार गुण दिले होते आणि समासात बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते : 'पोहोचला असता.' मी हिरव्या शाईने एक गुण कमी केला आणि पेन्सिलीचे अक्षर खोडून टाकले, कारण समासात शेरा लिहिणे नियमात बसत नव्हते.

पुढचा गठ्ठा घेऊन तुम्ही एस.टी.ने जळगावला आलात आणि विचारत विचारत मेहरूणमधल्या माझ्या घरी पोहोचलात. मी ओट्यावर खुर्ची टाकली. तुम्ही गठ्ठा मांडीवरच ठेवला.

"बाई, त्या पोराचा एक गुण कापला तुम्ही. काय कारण शे?"

"शेवटची ओळ नाही."

"तेवढ्यात घंटा वाजली असेल."

"घंटा सगळ्यांसाठी वाजते, सर."

"पोरगं उंबऱ्यावर येऊन उभं शे, बाई, आणि तुम्ही दार लावून घेतलं."

मी दाराच्या चौकटीत उभी होते. तुम्हाला चहा दिला, तोही बाहेरच. त्या दिवशी त्याला कारण होते : मी घरात एकटी राहणारी, शेजार नवा, तुम्ही अनोळखी. पुढे शेजार जुना झाला, तुम्ही ओळखीचे झालात, मी तुम्हाला 'सुपडूभाऊ' म्हणू लागले, आणि कारण उरले नाही. खुर्ची मात्र ओट्यावरच राहिली. दोन-तीन महिन्यांनी एकदा तुम्ही यायचात. येताना भाकरीसाठी ज्वारी-उडदाचे कळण्याचे पीठ आणायचात, जाताना मेहरूणची बोरे न्यायचात, आणि मधला तासभर आपण त्या एका गुणावरून भांडायचो. मी चौकटीत, तुम्ही खुर्चीत. वीस वर्षांत मी 'आत या' म्हटले नाही.

वहिनी दोनदा तुमच्याबरोबर आल्या. त्या सरळ आत यायच्या, डबे उघडून पाहायच्या, माझ्या लोणच्याला नावे ठेवायच्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, आत या की, बाहेर किती ऊन शे!" तुम्ही वर्तमानपत्राआडून म्हणालात, "बाईंनी कुठे सांगितलं?" तिघेही हसलो. मीही हसले, आणि तरीही सांगितले नाही.

तुमच्या नावाचा विषय त्याच दिवशी निघाला होता. तुमच्या आधीची दोन भावंडे दगावली होती, म्हणून जन्मताच तुम्हाला सुपात घातले. मृत्यूने मूल न समजता दाणा समजावे आणि पुढे जावे, अशी त्यामागची कल्पना. वहिनी म्हणाल्या, "दाणा कसला, पोतं शे!" तुम्ही मात्र गंभीरपणे सांगितलेत, "बाई, मी मोजणीतून सुटलेला दाणा शे. कधीतरी फेरमोजणी व्हईच."

वहिनी गेल्यानंतर तुम्ही धुळ्याच्या घरात एकटे राहिलात. मुलगा योगेश पुण्याला नोकरीत. तो न्यायला तयार होता, तुम्ही निघायला नव्हतात. संगणकाचे दुकान चालवणाऱ्या तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने वेळ जावा म्हणून परदेशी चित्रपट भरून दिले. त्यातला एक बल्गेरियन होता. तो तुम्ही पेन ड्राइव्हवर घालून मला आणून दिलात.

"भुताचा आहे का?" मी विचारले.

"व्हॅम्पायरचा शे. रक्त पिणारी बाई."

"भाऊ, मी गणित शिकवले आहे. मेलेल्या माणसाने रक्त पिणे मला पटणार नाही."

"तुम्ही बिंदूला लांबी नही, रुंदी नही असं शिकवलं. ते पोरांनी पटवून घेतलंच ना? तेवढं हे धरून चाला." मग पुढे वाकून म्हणालात, "हा पिच्चर भीतीचा नही, बाई. दाराचा शे. आणि एक काम शे तुमच्यासाठी. ती मोजणीत चुकते. खरंच चुकते का, ते तुम्ही तपासा. त्याला नियामकच पाहिजे."

दोन सूचना दिल्यात. पहिली, चित्रपट दुपारी पाहायचा, कारण पडद्यावर बराच वेळ अंधार असतो आणि बाहेर उजेड असला की तो अंधार नीट दिसतो. हे शास्त्रीयदृष्ट्या उलटे आहे, असे मी म्हणाले होते. दुसरी, कूलर बंद ठेवायचा, कारण तिचा आवाज फार हळू आहे. जळगावच्या उन्हाळ्यात दुपारी कूलर बंद ठेवून दोन तास बसायचे, ही सूचना नव्हे, शिक्षा आहे, असे मी म्हणाले. उन्हाळा गेल्यावर दुसरे कारण सापडले, नंतर तिसरे.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला तुमचा फोन येऊ लागला. सुरुवात ठरलेली : "देखा का, बाई?" मी म्हणायची, "अजून नाही." मग तुम्ही, "बरं, उद्या." त्यानंतर आपण भाज्यांविषयी, गुडघ्यांविषयी, नव्या अभ्यासक्रमाविषयी आणि अर्थातच त्या एका गुणाविषयी बोलायचो. बल्गेरियन आकडे तुम्ही चित्रपट ऐकून पाठ केले होते. "एद्नो, द्वे, त्री, चेतिरी. बघा बाई, द्वे, त्री. आपल्या संस्कृतच्या तासासारखं वाटतं." एकदा तुम्ही शिरपूरला एका लग्नाला गेला होतात, तिथून, मागे बँड वाजत असताना, ओरडून विचारलेत, "देखा का?" आणि मी इकडे माझ्या शांत घरात ओरडून उत्तर दिले, "नाही!" शेजारच्या वहिनी काळजीने खिडकीशी आल्या.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी मला ताप होता. तुम्ही नेहमीप्रमाणे विचारलेत, "देखा का, बाई?"

मी म्हणाले, "पाहिला."

तुम्ही विचारलेत, "बठ्ठा?"

"संपूर्ण."

"शेवट कसा वाटला?"

चित्रपटाला शेवट असतो आणि त्याविषयी काहीतरी म्हणावे लागते, एवढेच मला सुचले. मी म्हणाले, "शेवट योग्य आहे."

फोनवर इतका वेळ काही ऐकू आले नाही की मला वाटले, संपर्क तुटला. मग तुमचा आवाज आला, "मंग बरं शे, बाई. झोपा तुम्ही. ताप शे तुम्हाले."

मी ताप असल्याचे सांगितले नव्हते. आवाजावरून ओळखलेत, असे मी तेव्हा धरले. आवाजावरून तुम्ही आणखी काय ओळखलेत, याचा विचार केला नाही.

खोटे का बोलले, याची कारणे मी आज मांडून पाहिली. ताप हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. रोज तोच प्रश्न ऐकून मी कंटाळले होते, हेही खरे आहे, पण तेही पुरेसे नाही. मला वाटते, ज्या चित्रपटाला तुम्ही 'दाराचा' म्हणालात, तो पाहिल्यावर मला काहीतरी बोलावे लागले असते. ते टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग 'पाहिला' असे म्हणणे हा होता.

त्यानंतर तुमचा फोन रोज येईनासा झाला. आधी दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग रविवारी. विचारायला काही उरले नव्हते, आणि विचारण्यासारखे काही नसताना फोन करणे आपल्या दोघांच्याही पिढीला जमत नाही. पहिले काही दिवस मला मोकळे वाटले. नंतर दिवेलागणीला मी फोन स्वयंपाकघरातून उचलून पुढच्या खिडकीत आणून ठेवू लागले. मी स्वतः का केला नाही? प्रश्न तरी लिहून ठेवते.

हिवाळ्यात तुम्ही एकदा आलात. ओट्यावर बसून बोरे खाल्लीत आणि बिया कठड्यावर एका ओळीत मांडल्यात. "एद्नो, द्वे, त्री..." मोजता मोजता मधेच थांबलात.

"बाई, एक विचारू?"

"विचारा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, मग बियांकडे. "नही, राहू द्या. गाडी चुकेल." जाताना त्या बिया रुमालात बांधून घेतल्यात. मी म्हणाले, बिया कशाला नेता? तुम्ही म्हणालात, "मोजणी अर्धी राहिली ना."

तुम्ही गेल्याचा फोन योगेशने केला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धुळ्याला आले. गेलेल्यांसाठी भरतात तशी तुमच्या नावाची घागर भरलेली होती. तिच्यापुढे मी हात जोडले. तुमच्या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकले, हे तिथे उभी असताना लक्षात आले. वीस वर्षांत तुम्हीही मला कधी बोलावले नव्हते. हा हिशेब तुमच्या बाजूचा आहे, पण नोंदवायला हवा.

जळगावला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी, दुपारी, कूलर बंद करून मी लॅपटॉप उघडला. पेन ड्राइव्हवर एकच फाइल होती. चित्रपटाचे मूळ नाव मला नीट उच्चारता येत नाही. फाइलला तुम्ही स्वतः नाव दिले होते : 'बाईंसाठी'.

चित्रपटात डोंगरउतारावरचे एक गाव आहे. तिथे समजूत अशी की रक्त पिणारी बाई घरात शिरण्यापूर्वी उंबऱ्यावर सांडलेला प्रत्येक दाणा मोजते. न मोजता तिला आत येता येत नाही, आणि मोजणी पुरी होण्याआधी उजाडले तर तिला जावे लागते. म्हणून प्रत्येक घर संध्याकाळी उंबऱ्यावर बाजरीसारखे बारीक धान्य ओतते. गावाच्या टोकाला एक म्हातारा राहतो. त्याचे आता कोणी नाही. तोही धान्य ओततो आणि दाराच्या आतल्या बाजूला बसून ऐकतो. बाहेर ती मोजत असते. दिवसभरात त्याच्या घरापर्यंत येणारा माणसाचा आवाज तेवढाच. आणि तो माणसाचाही नाही.

तुमचे खरे होते. आवाज फार हळू आहे. कूलर चालू असता तर मला फक्त एक म्हातारा दाराला टेकून बसलेला दिसला असता.

हळूहळू म्हातारा धान्य कमी करतो. आधी सूपभर, मग ओंजळभर, मग मूठभर. एका रात्री तर बोटांच्या चिमटीत मावतील एवढेच दाणे तो उंबऱ्यावर टाकतो. ती मोजू लागते. छत्तीसपर्यंत येते, थांबते, आणि पुन्हा एकपासून सुरू करते. असे तीनदा होते. तिसऱ्यांदा उजाडते आणि ती निघून जाते.

तुम्ही सांगितलेले काम मी केले. चित्र थांबवले, भिंग घेतले, पडद्यावरचे दाणे पेन्सिलीच्या टोकाने मोजले. तीन वेळा मोजले, कारण एकदाच केलेली मोजणी मी मुलींचीही मान्य केली नाही. दाणे सदतीस आहेत. सदतिसावा दाणा तिच्या बोटाखाली आहे. तो तिला दिसतो आहे. ती त्याच्याकडे पाहते, त्याच्यावर बोट ठेवते, आणि एकपासून मोजू लागते. भाऊ, ती चुकत नाही. तिला आत यायचे नसते, असेही नाही. मोजणी संपली तर उद्या पुन्हा येण्याचे कारण संपेल, एवढेच तिला कळलेले असते.

घामाने पेन्सिल हातातून निसटत होती. मी कूलर लावला नाही.

शेवटच्या संध्याकाळी म्हातारा उंबरा झाडून काढतो. एकही दाणा ठेवत नाही. दार सताड उघडतो, आत जाऊन दाराकडे पाठ करून बसतो. ती येते. खाली पाहते, मोजायला काही नाही. खूप वेळ ती तशीच उभी राहते. मग तिचे पाऊल उचलले जाते, आणि पडदा काळा होतो.

मला वाटले, वीज गेली. पण पंखा चालू होता. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावला, शेवटची पाच मिनिटे पुन्हा पाहिली. पाऊल उचलले जाते आणि फाइल संपते. पुढे काही नाही. श्रेयनामावली नाही, संगीत नाही. प्रत अपुरी आहे.

तुम्ही मला दिलेल्या चित्रपटाला शेवट नव्हता, सुपडूभाऊ. आणि मी तुम्हाला म्हणाले होते, 'शेवट योग्य आहे.'

त्या संध्याकाळी फोनवरचा तो लांबलेला थांबा मला आता जसाच्या तसा ऐकू येतो. तुम्हाला त्याच क्षणी कळले होते. तुम्ही मला पकडले नाहीत, चेष्टा केली नाहीत, नंतर कधी टोमणाही मारला नाहीत. ज्या परीक्षकाचे गुण मी वर्षानुवर्षे तपासले, त्याने माझी कोरी उत्तरपत्रिका तपासली आणि 'झोपा तुम्ही' म्हणून बाजूला ठेवली.

मी योगेशला फोन केला. विचारले, तुझ्या आबांकडे त्या चित्रपटाची पूर्ण प्रत होती का?

"नाही हो, बाई. मी कितीदा म्हटलं, पुण्याहून पूर्ण आणून देतो. ते नको म्हणायचे."

"का?"

"म्हणायचे, 'बाई देखतील, मग आम्ही दोघं बसून ठरवू शेवट काय ते. आयता कशाला?'" मग त्याने सहज विचारले, "ठरला का तुमचा?"

मी म्हणाले, "अजून नाही." हे उत्तर तुम्हाला मी अडीच वर्षांत शेकडो वेळा दिले होते. त्यातले हेच एक ऐकायला तुम्ही नव्हतात.

योगेश आताही पूर्ण प्रत शोधून द्यायला तयार आहे. मी नको म्हटले. तुम्ही जो शेवट माझ्याशिवाय पाहिला नाहीत, तो मी तुमच्याशिवाय पाहणे मला नियमाला धरून वाटत नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. दिलेले एवढेच : तिला धान्य अडवत होते, पण रोज आणतही होते. म्हाताऱ्याला हे ठाऊक होते. नसते तर त्याने धान्य कमी केले नसते. सदतिसाव्या दाण्यावर थांबून तिने दाखवले की तिला ठाऊक आहे. उंबरा झाडल्यावर दोघांकडेही निमित्त उरले नाही. आत तिच्या हातून त्याचे काय होणार, हे दोघेही जाणतात; तरी दार उघडणाऱ्याने पाहून उघडले आहे आणि पाऊल उचलणारीने पाहून उचलले आहे. म्हणून माझे उत्तर : ती आत येते. शेवटची ओळ माझ्याकडे नाही, भाऊ. नियामक म्हणून मी या उत्तराला चारपैकी तीनच गुण देईन. समासात मात्र आज मी पेन्सिलीने लिहिले आहे. काय लिहिले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि त्या मुलाचा एक गुण. तो परत देण्याचा अधिकार मला आता नाही, पण तो तुमचा बरोबर होता.

ओट्यावरची खुर्ची मी घरात आणली. ती दारातून सरळ येत नव्हती. आडवी करावी लागली. दिवेलागणीला तिच्यासमोर बसते. तिच्या एका पायाखाली पुठ्ठा घालावा लागला. ओट्याच्या उताराने तो पाय झिजला आहे, हे मला बाहेर कधी दिसले नव्हते.

वाचकहो, पेन ड्राइव्ह मी मेहरूणच्या आमच्या शाळेच्या वाचनालयात ठेवला आहे. फाइलचे नाव बदललेले नाही. दुपारी पाहा, कूलर बंद ठेवा. दाणे सदतीस आहेत आणि ती आत येते, असे मी म्हणते. पण याच चित्रपटाविषयी मी एकदा न पाहता 'पाहिला' असे सांगितले आहे. तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. कृपया स्वतः मोजा आणि स्वतः तपासून घ्या.